साहेबांचा घोळ दिसला, आता काय? सरकारी नोकरदारासाठी पायरीपायरीने

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी खान्देशात कोणी मजुरीला जात नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, लिंबाला झोके टांगलेले असतात आणि गडी पत्त्यांच्या डावात बसलेले असतात. २०१४ च्या मे महिन्यात माझ्या टेबलावर रोजगार हमीच्या एका कामाचं हजेरीपत्रक आलं. त्यात नेमक्या आखाजीला ४७ जणांची पूर्ण हजेरी, त्यातल्या २९ बाया. अंगठे बघितले तर सगळे एकाच शाईचे आणि एकाच दाबाचे. खाली मोजमापाला सही झालेली, देयक (बिल) तयार.

मी तेव्हा तालुक्याच्या एका कार्यालयात लेखा शाखेत वरिष्ठ सहायक होतो. जिल्हा खान्देशातल्या तिघांपैकी कोणता ते सांगत नाही. टिपणीत शंका लिहिली, तर बोलावणं आलं, "हे पान बदला." शेजारच्या टेबलावरचा जुना सोबती जेवताना म्हणाला, "भो, पगार येस ना येळवर? मंग कसाले पडस यामा?" मी पडलो. त्याच रात्री चार पानी तक्रार लिहिली आणि खाली नऊ जणांची नावं टाकून 'प्रत माहितीस्तव' असं ठोकून दिलं. त्यात एक पत्रकारही होता. तिसऱ्या दिवशी ती तक्रार ज्यांच्याविरुद्ध होती त्यांच्याच टेबलावर होती, माझी सही वर करून.

पुढे बदली, निलंबन, विभागीय चौकशी सगळं झालं. शेवटी दोषारोप सिद्ध झाले नाहीत, कामाची वसुलीही निघाली. पण निम्मा त्रास मी अज्ञानाने ओढवून घेतला होता. तो तुम्हाला होऊ नये म्हणून हे लिहितोय.

१. कायद्याचं छत्र केवढं, ते आधी बघा

गैरकारभार उघड करणाऱ्याला आपल्याकडे 'जागल्या' म्हणतात. जुन्या गावगाड्यात जागल्या म्हणजे रात्रीचा राखणदार. त्याला निदान काठी तरी मिळायची.

आपल्यासाठी संसदेने 'जागले संरक्षण कायदा, २०१४' केला. राष्ट्रपतींची सही ९ मे २०१४ ला झाली. वाचायला सुंदर आहे. तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, आणि सूडाची कारवाई केली नाही हे सिद्ध करण्याचा भार कार्यालयावर. पण तो लागू करण्याची अधिसूचनाच निघालेली नाही. २०१५ मध्ये तो पातळ करणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडकून राहिलं. त्यामुळे एखादा हितचिंतक "कायदा आहे ना!" म्हणाला, तर त्याला लागू झाल्याची तारीख विचारा.

प्रत्यक्षात चालतो तो केंद्र सरकारचा २१ एप्रिल २००४ चा ठराव, नाव गुप्त ठेवून केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करण्याचा. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांचा नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत खून झाला. त्यांनी नाव गुप्त ठेवायची विनंती केली होती, तरी पत्र टेबलाटेबलावर फिरलं. त्यानंतर हा ठराव आला. त्याला सगळे इंग्रजी आद्याक्षरांनी 'पीआयडीपीआय' (PIDPI) म्हणतात. पण तो सगळ्यांना लागू नाही, आणि पुढची पायरी त्यासाठीच आहे.

२. तुम्ही नेमके कोणाचे नोकर?

हसू नका, मी इथेच फसलो. निलंबनाविरुद्ध दाद मागायला पहाटेच्या एसटीने कन्नडचा घाट चढून औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) 'मॅट'च्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या) वकिलांकडे गेलो. फाइल उघडून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही जिल्हा परिषदेचे ना? मग हे दार तुमचं नाही." परतीच्या गाडीत चाळीसगावपर्यंत मी कोणाशी बोललो नाही.

तर, आपलं दार ओळखा.

केंद्राचे नोकर म्हणजे भुसावळची रेल्वे, भुसावळ-वरणगावचे आयुध कारखाने, टपाल, राष्ट्रीयीकृत बँका, आयुर्विमा. तुम्हाला पीआयडीपीआय लागू आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे सेवाविषयक वाद 'कॅट'च्या (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठात जातात. बँका आणि महामंडळांना कोणतं न्यायालय ते आपल्या संघटनेला विचारून घ्या.

राज्य शासनाचे म्हणजे महसूल, कृषी, पोलिस, सार्वजनिक बांधकाम वगैरे. तुम्हाला १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आणि शिस्त व अपील नियम लागू. सेवाविषयक वाद मॅटमध्ये. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांना औरंगाबादचं खंडपीठ.

जिल्हा परिषदेचे असाल तर तुमचे नियम वेगळे. शिस्त व अपील १९६४ चे, वर्तणूक १९६७ चे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध अपील नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे, आणि त्यापुढे थेट उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ.

आपल्या नेमणूक आदेशात 'नियुक्ती प्राधिकारी' कोण लिहिलाय ते आज संध्याकाळीच काढून बघा. सगळं त्यावरून ठरतं.

३. तोंड उघडण्याआधी कागद

ही पायरी सगळ्यात लांब आहे आणि तशीच असू द्या. महिना लागला तरी चालेल.

मूळ कागद घरी नेऊ नका. एकही नाही. मूळ नस्ती (फाइल) पिशवीत सापडली तर घोटाळा बाजूला राहतो आणि तुमच्यावर दप्तर चोरीचा गुन्हा दाखल होतो. त्याऐवजी एका साध्या वहीत खुणा टिपा. नस्ती क्रमांक, आवक-जावक क्रमांक व तारीख, प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक, मोजमाप पुस्तकाचा क्रमांक आणि पान, धनादेश क्रमांक. चौकशी करणाऱ्याला या खुणा पुरतात, तो मूळ कागद जप्त करू शकतो. "लाखोंचा भ्रष्टाचार झाला आहे" या वाक्याने तो काहीच करू शकत नाही. माझ्या चार पानांत अशी वाक्यं अकरा होती, प्रमाणक क्रमांक फक्त दोन. वसुली निघाली ती त्या दोनांवर.

तोंडी आदेश लेखी करून घ्या. वर्तणूक नियमांतल्या नियम ३ मध्येच सोय आहे. वरिष्ठांच्या सांगण्यावरून काम करायचं तर निर्देश शक्यतो लेखी घ्यावा, नाही जमलं तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी. भांडायची गरज नाही. टिपणीवर एवढंच लिहा, "आज सकाळी दालनात दिलेल्या तोंडी निर्देशानुसार देयक सादर. लेखी पुष्टी व्हावी ही विनंती." हे वाक्य लिहिलेलं बघून किती देयकं आपोआप मागे जातात ते अनुभवाच.

शंका टिपणीतच नोंदवा, नम्र भाषेत. "बोगस" लिहू नका. "दि. २ मे रोजी अक्षय्य तृतीया असताना पूर्ण उपस्थिती दिसते, खात्री व्हावी" असं लिहा. ती टिपणी हाच पुढे तुमचा पहिला पुरावा असतो आणि तो कार्यालयाच्याच दप्तरात सुरक्षित राहतो.

फोनवरचं बोलणं ध्वनिमुद्रित असेल तर फोन विकू नका, बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. मूळ उपकरण हाताशी नसेल तर ते देताना फार अडचण होते.

माहिती अधिकाराचा अर्ज तुम्हीही करू शकता, तुम्ही नागरिक आहातच. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. पण तक्रारीच्या आधी स्वतःच्या नावाने नेमक्या त्याच कामाची माहिती मागणं म्हणजे स्वतःच्या हाताने दवंडी पिटणं. स्वतःच्या बदलीची, चौकशीची कागदपत्रं काढायला मात्र त्याचा भरपूर वापर करा.

४. दार निवडा, एकच

केंद्राचे असाल तर पीआयडीपीआय. लखोटा बंद करून चिकटवायचा. वर पत्ता: सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, जीपीओ कॉम्प्लेक्स, आयएनए, नवी दिल्ली ११००२३. आणि ठळक इंग्रजीत 'पीआयडीपीआय' ही पाच अक्षरं. ती नसली तर लखोटा साध्या टपालात उघडला जातो आणि गुप्ततेचं संरक्षण मिळत नाही. लखोट्यावर स्वतःचं नाव-पत्ता घालायचा नाही. तो आत, तक्रारीच्या सुरुवातीला किंवा शेवटी, नाहीतर जोडपत्रावर लिहायचा. निनावी तक्रार या ठरावात घेतच नाहीत. ई-मेलने किंवा संकेतस्थळावरून पाठवाल तर गुप्तता विसरा.

पोच येत नाही, तिची वाट बघत बसू नका. आयोग तुमच्याकडून "हो, ही तक्रार माझीच" अशी खात्री करणारं पत्र मागवतो. त्याला मुदतीत उत्तर द्या, नाहीतर प्रकरण तिथेच थांबतं. पत्र घरच्या पत्त्यावर मागवा, कार्यालयाच्या नव्हे. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

माझ्या मावसभावाने भुसावळहून असा लखोटा पाठवला. सगळं नियमानुसार. फक्त मजकुरात लिहिलं, "याबाबत मी ३ जून रोजी टिपणी सादर केली होती." नाव झाकलं होतं, पण त्या दिवशी त्या विषयावर टिपणी करणारा अख्ख्या शाखेत एकच माणूस होता! मजकूर असा लिहा की तो शाखेतल्या कोणीही लिहिलेला असू शकेल. आणि तीच तक्रार दुसरीकडे पाठवू नका, गावभर सांगू नका. तुम्हीच जाहीर केलेलं नाव आयोग झाकू शकत नाही.

राज्याचे असाल तर लोकायुक्त. महाराष्ट्राचा कायदा १९७१ चा, मुंबईत मंत्रालयासमोर नवीन प्रशासन भवनात कार्यालय. तक्रार विहित नमुन्यात, प्रतिज्ञापत्रासह. भ्रष्टाचाराच्या आरोपासाठी घटनेपासून ३ वर्षांची मुदत. इथला सापळा नीट समजून घ्या. कायद्यात म्हटलंय की चौकशी गोपनीय राहील, तक्रारदाराची ओळख जनतेला आणि वर्तमानपत्रांना कळणार नाही. पण चौकशी लागली की तक्रारीची प्रत संबंधित अधिकाऱ्याला जाते. म्हणजे गावाला कळत नाही, साहेबांना कळतं. तेवढी तयारी असेल तरच हे दार ठोका. तुमची बदली, शिस्तीची कारवाई असले सेवाविषयक वाद तिथे चालत नाहीत.

लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. टोल फ्री १०६४. धुळे, जळगाव, नंदुरबारची कार्यालयं नाशिक परिक्षेत्राखाली येतात. कर्मचाऱ्यांकडेच कर्मचारी लाच मागतात, वैद्यकीय देयकासाठी, फरकाच्या रकमेसाठी, निवृत्तीच्या कागदांसाठी. देऊ नका आणि थेट फोन करा. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत कळवलं तरच सुटका आहे. आधी कळवून सापळ्यासाठी पैसे दिले तर तो गुन्हा नाही. इथे गुप्तता नसते, तुम्ही फिर्यादी असता आणि न्यायालयात साक्षीला उभं राहावं लागतं.

आपल्याच खात्याचे वरिष्ठ हाही मार्ग आहे. साहेब एकटे खात असतील तर चालतो. साखळी असेल तर नाही. कोणती ते तुम्हालाच ठाऊक.

वर्तमानपत्र आणि व्हॉट्सअॅप गट, ही दारं नव्हेत. परवानगीशिवाय सरकारी माहिती बाहेर दिली की वर्तणूक नियमांचा भंग होतो, आणि तुमच्याविरुद्धचं सगळ्यात सोपं दोषारोपपत्र तेच असतं. जुलै २०२५ मध्ये शासनाने समाजमाध्यमांच्या वापरावरही सूचना काढल्यात. माझ्या दोषारोपपत्रातला पहिला दोषारोप पत्रकाराला दिलेल्या प्रतीचाच होता. खोटा म्हणता येईना.

५. तक्रार लिहिताना

दोन पानं पुरतात. कोणतं काम, कोणती तारीख, कोणता कागद, किती रक्कम, कोणाची सही. साहेबांचा स्वभाव, बंगला, जात, बाहेरख्यालीपणा यातलं अक्षर नको. स्वतःचं गाऱ्हाणं त्यात मिसळू नका. माझी वेतनवाढ रखडली होती, ती मी तक्रारीत घातली, आणि "वैयक्तिक आकसातून" हा शेरा स्वतःच ओढवून घेतला.

६. उलटा वार आला तर

बदली. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी २००५ चा बदल्यांचा कायदा आहे. पदावधी साधारण ३ वर्षांचा, बदल्या एप्रिल-मेमध्ये. मध्येच किंवा मुदतीआधी करायची तर कारणं लेखी नोंदवून वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. "प्रशासकीय कारणास्तव" एवढ्या दोन शब्दांवर केलेली बदली मॅटमध्ये टिकणं अवघड असतं. आदेश मिळताच बदलीच्या नस्तीची प्रत माहिती अधिकारात मागा. जिल्हा परिषदेच्या बदल्या ग्रामविकास विभागाच्या शासन निर्णयांनुसार होतात, त्यांचा आधार घ्यावा लागतो.

निलंबन. हे आलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. पोरं विचारतात, "पप्पा, आज ऑफिस नाही?" तर लक्षात ठेवा, निलंबन ही शिक्षा नाही. पहिले ३ महिने अर्धवेतनी रजेच्या वेतनाएवढा निर्वाह भत्ता आणि त्यावरचा महागाई भत्ता मिळतो. पुढे उशीर तुमच्यामुळे नसेल तर तो निम्म्याने वाढवता येतो, त्यासाठी अर्ज तुम्ही करायचा. दुसरी नोकरी-धंदा करत नसल्याचं प्रमाणपत्र दर महिन्याला द्या, नाहीतर भत्ता अडतो. मुख्यालय ठरवून दिलेलं असतं, ते परवानगीशिवाय सोडू नका. मावशीच्या दहाव्याला जायचं असलं तरी अर्ज द्या.

सर्वोच्च न्यायालयाने अजय कुमार चौधरी प्रकरणात १६ फेब्रुवारी २०१५ ला सांगितलं की ३ महिन्यांत दोषारोपपत्र बजावलं नाही तर निलंबन पुढे रेटता येत नाही. राज्य शासनाने ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात हेच घेतलं. २०१५ चा निकाल आला तेव्हा मी सहा महिने निलंबित होतो, दोषारोपपत्राचा पत्ता नव्हता. निकालाची प्रत अर्जाला जोडली आणि मार्चअखेर रुजू झालो. ९० दिवस कॅलेंडरवर लाल शाईने मोजा.

दोषारोपपत्र. त्याला चार जोडपत्रं असतात: दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. यादीतला प्रत्येक कागद तपासायला मागा, लेखी मागा, नाकारला तर नकारही लेखी मागा. उत्तराची मुदत आदेशात दिलेली असते आणि ती थोडी असते. वेळ पुरत नसेल तर मुदत संपायच्या आत वाढ मागा. बचाव सहायक घेता येतो. एखादा निवृत्त कार्यालय अधीक्षक शोधा, महागड्या वकिलापेक्षा तो कामी येतो.

खर्च. महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. मदत क्रमांक १५१००. नंदुरबार, धुळ्याकडच्या आदिवासी कर्मचाऱ्यांपैकी हे ठाऊक असलेला मला क्वचितच भेटला.

७. जिवाला धोका वाटला तर

मनमाड खान्देशच्या उंबऱ्यावरच. तिथे पानेवाडीजवळ २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलातल्या भेसळखोरांनी भर दिवसा पेटवून मारलं. हुद्दा एवढा मोठा असूनही. त्यामुळे वाळू, तेल, रेशन यातलं प्रकरण असेल तर एकट्याने जागेवर जाऊन फोटो काढण्याचं धाडस करू नका.

धमकी आली तर त्याच दिवशी पोलिस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. केंद्राचे असाल तर दक्षता आयोगाला कळवा, तो संरक्षणाचे निर्देश देऊ शकतो. फौजदारी खटल्यात साक्षीदार असाल तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती तो ठरवते. महाराष्ट्राचा स्वतःचा साक्षीदार संरक्षण कायदा २०१७ चा आहे.

जवळ ठेवायचे कागद

- नेमणूक आदेश, सेवापुस्तकाची प्रत, मागच्या पाच वर्षांचे गोपनीय अहवाल (हे आधीच काढून ठेवा, तक्रारीनंतर अचानक बिघडतात)
- खुणांची वही, पानांना क्रमांक घातलेली
- शंका नोंदवलेल्या टिपण्यांचे तपशील
- आपल्याला लागू असलेले वर्तणूक आणि शिस्त नियम, छापील
- बदली, निलंबन, दोषारोपपत्राचे आदेश आणि ते हाती पडल्याची तारीख
- सगळ्या अर्जांच्या पोचपावत्या

एक संच घराबाहेर ठेवा. माझा बहिणीकडे धान्याच्या कोठीत होता, बाजरीखाली. आणि स्पीड पोस्टच्या पावत्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. त्या पावतीचा कागद वर्षभरात कोरा पडतो. चौकशी अधिकाऱ्यांपुढे मी मोठ्या तोऱ्याने पाच पावत्या ठेवल्या, त्यांनी चष्मा वर करून त्या उजेडात धरल्या आणि विचारलं, "यावर काय लिहिलंय, तुम्हीच वाचून दाखवा."